औषधाच्या मात्रेत पन्नास टक्क्यांवर पास करणे थांबवा

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार बीएस्सी नर्सिंग असो वा जीएनएम, मुख्य विषयात ५० टक्के गुण मिळाले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. समाजशास्त्रासाठी हा निकष ठीक आहे. शरीररचनाशास्त्रातही विसरलेला भाग पुढे पुस्तक उघडून पुन्हा पाहता येतो. पण औषधाची मात्रा काढण्याचे गणितही याच पट्टीने मोजले जाते. त्याची वेगळी परीक्षा नाही आणि वेगळी अटही नाही. औषधशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत व्याख्या, वर्गीकरण आणि दुष्परिणामांच्या याद्या नीट लिहिल्या, तर मात्रेचे एकही गणित न सोडवता विद्यार्थी पुढच्या सत्रात जाऊ शकतो, आणि त्याच हाताने वॉर्डात इन्सुलिन भरू लागतो. बीड जिल्ह्यातले आमचे परळी वैजनाथ हे रेल्वेचे जंक्शन आहे. निम्मे सिग्नल बरोबर ओळखणाऱ्या चालकाच्या हाती गाडी द्यायला इथला एकही माणूस तयार होणार नाही. ब्रिटनमधील परिचर्या परिषदेने २०१८ च्या आपल्या मानकांत औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा वेगळी काढली आणि तिथे १०० टक्के गुण सक्तीचे केले. एक उत्तर चुकले तरी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आपल्याकडे, आणि विशेषतः परळीसारख्या तालुक्याच्या गावांत सेवा देणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, ही अट ब्रिटनपेक्षाही जास्त गरजेची आहे, असे माझे ठाम मत आहे.

जास्त गरजेची का, तर मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात औषध रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचण्याआधी अनेक नजरांखालून जाते. तिथे वॉर्डात फिरणारा औषधतज्ज्ञ असतो, ठरावीक वेगाने औषध सोडणारे पंप असतात, काही ठिकाणी रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड तपासल्याशिवाय औषध देता येत नाही. परळीत उपजिल्हा रुग्णालय आहे, बाजारपेठेच्या आसपास थोड्या खाटांचे खाजगी दवाखाने आहेत, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पंचवीसेक किलोमीटरवरच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवला जातो. लहान दवाखान्यातली साखळी सगळ्यांच्या पाहण्यातली आहे. डॉक्टर केस पेपरवर लिहितात, नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलवर धावतो, पिशवीतून जे येते ते सिस्टरच्या हाती पडते आणि ती अँप्युल फोडते. रात्रीच्या पाळीत डॉक्टर फोनवर असतात. मधल्या कुठल्याच टप्प्यावर दुसरी तपासणी नाही. केस पेपरवरची चूक, मेडिकलवाल्याने दिलेली वेगळी ताकद, नातेवाइकाने आणलेली चुकीची बाटली, या सगळ्या चुका पकडण्याची शेवटची जागा म्हणजे ती सिस्टर. तिच्यानंतर थेट रुग्णाची शीर. ज्या ठिकाणी तपासणीची एकच पायरी आहे तिथे ती पायरी ५० टक्क्यांची असून चालत नाही.

इन्सुलिनचेच पाहा. भारतात इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली आणि १०० युनिट असलेली. दोन्हींसाठी सिरिंजही वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. २० युनिट द्यायचे आहेत, हातात १०० ताकदीची कुपी आहे आणि ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज आहे, अशा वेळी सिरिंजवरच्या २० च्या रेषेपर्यंत औषध ओढले तर ते अर्धा मिलिलिटर भरते, म्हणजे ५० युनिट. ठरवलेल्या मात्रेच्या अडीचपट. रुग्णाची साखर मध्यरात्री कोसळते, तो घामाघूम होतो, नंतर बोलेनासा होतो, आणि शेजारी झोपलेल्या नातेवाइकाला वाटते की त्याला गाढ झोप लागली. उलट गोंधळ झाला तर २० ऐवजी ८ युनिट जातात, साखर खाली येत नाही आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर मात्रा वाढवतात. मग एखाद्या पाळीत कुणी बरोबर सिरिंज घेते आणि वाढवलेली मात्रा पूर्ण लागू पडते. डॉक्टरांनी लिहिताना ‘युनिट’ या शब्दाऐवजी इंग्रजी ‘यू’ हे एकच अक्षर लिहिले आणि ते शून्यासारखे दिसले, तर ४ चे ४० होतात. यातले काहीही दुर्मीळ नाही, आणि यातले काहीही टाळायला यंत्र लागत नाही. कुपीवरचा आकडा, टोपणाचा रंग आणि एक भागाकार एवढेच लागते.

सलाईनच्या थेंबांचा हिशेब याहून नाजूक आहे, कारण पंप नसलेल्या वॉर्डात रक्तदाब टिकवणारी औषधेसुद्धा थेंब मोजून चालवावी लागतात. साठ किलो वजनाच्या रुग्णाला डोपामिन दर किलोला दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम द्यायचे ठरले, तर तासाला १८ मिलिग्रॅम होतात. ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २०० मिलिग्रॅम मिसळले असतील तर एका मिलिलिटरमध्ये ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ४५ मिलिलिटर सोडावे लागते. मायक्रो सेट असेल तर मिनिटाला ४५ थेंब, वीस थेंबांचा साधा सेट असेल तर मिनिटाला १५. मायक्रोचा आकडा लक्षात ठेवून साध्या सेटवर ४५ थेंब मोजले, तर रुग्णाला तिप्पट औषध जाते. हे गणित सातवी-आठवीच्या पातळीचे आहे, हे खरे. पण रात्री तीन वाजता, वॉर्डात पंचवीस रुग्ण असताना, शेजारच्या खाटेवरून हाका येत असताना ते न चुकता सुटले पाहिजे. त्यासाठी ते शंभरदा सोडवलेले हवे. परीक्षेच्या आदल्या रात्री सूत्र पाठ करून ही सवय लागत नाही.

आतापर्यंत मी फक्त गणिताबद्दल बोललो. पण औषधाचे ज्ञान म्हणजे एवढेच असते तर काम सोपे होते. परिचर्येच्या वर्गात ‘पाच योग्य’ शिकवतात. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. ही यादी उत्तम आहे, पण ती सुई टोचली की संपते. वैद्यकीय-शल्य परिचर्येचे खरे काम तिथून सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही रुग्णालयात कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण येतो, आणि त्यामागे या जिल्ह्याच्या शेतीचे सारे दुःख असते. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषावर अॅट्रोपिन देतात. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम. सुरुवातीला ३ मिलिग्रॅम म्हणजे पाच अँप्युल, आणि गुण आला नाही तर दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट. तिसऱ्या खेपेला एकदम वीस अँप्युल फोडाव्या लागतात. हे न शिकलेली मुलगी वीस अँप्युलच्या आकड्याने घाबरून हात आखडते, आणि रुग्ण स्वतःच्याच फुप्फुसातल्या पाण्यात गुदमरतो. आणि थांबायचे कधी, हे कुठल्याही अँप्युलवर छापलेले नसते. छातीतली घरघर गेली का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आली का, हे पाहून ठरते. जास्त झाले तर रुग्ण बरळू लागतो, अंग तापते, लघवी अडते. एवढे सगळे निभावल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरचे सुटीची चौकशी करत असताना, रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही असे दिसले तर श्वासाचे स्नायू थकू लागल्याची ती पहिली खूण असते. दर पाळीला ‘दादा, मान उचला बघू’ एवढे म्हणणारी सिस्टर त्याला वेळेत अंबाजोगाईला पोहोचवू शकते.

विंचूदंशाची कहाणी तर महाराष्ट्राने जगाला दिलेली आहे. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाड परिसरात काम करताना लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी गुणकारी ठरते हे दाखवले, आणि पूर्वी दाखल मुलांपैकी तीसेक टक्के दगावत असत ते प्रमाण अगदी खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या संशोधनाचा विचार करताना बहुतेक जण गोळीच आठवतात. पण प्राझोसिनच्या पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून मुलाला झोपवूनच ठेवावे लागते. कळवळलेल्या आईला तिच्या लेकराला कडेवर घेऊ नका, असे समजावत तास-दोन तास थांबणे हे त्या उपचाराचे अर्धे अंग आहे. ते काम डॉक्टर करत नाहीत, सिस्टर करते. आणि ती ते तेव्हाच करेल जेव्हा गोळी रक्तवाहिन्या सैल करते एवढी एक गोष्ट तिला पक्की समजलेली असेल.

देताना सगळे बरोबर असूनही औषध स्वतःच खोटे असेल, तेव्हा तर पाच योग्यांची यादी पूर्णच निरुपयोगी ठरते. हा धोका काल्पनिक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अंबाजोगाईच्या याच शासकीय रुग्णालयाला पुरवलेल्या अझिथ्रोमायसिनच्या गोळ्या बनावट असल्याचे उघड झाले आणि पुरवठादारांवर गुन्हा दाखल झाला. त्याच्या कितीतरी आधी, १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन निघाले. १४ रुग्ण गेले, आणि न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतची सगळी सडलेली व्यवस्था उघडी केली. जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधातल्या त्याच रसायनाने आजारी पडून नागपूरच्या रुग्णालयांत आली आणि त्यातली अनेक वाचू शकली नाहीत. बाटलीकडे पाहून हे विष कुणालाच ओळखता येत नाही. ते ओळखू येते ते रुग्णाच्या लघवीच्या प्रमाणावरून, कारण मूत्रपिंड आधी निकामी होते. पाणी किती प्यायले, लघवी किती झाली, याचा तक्ता कोण भरते? पाळीवरची परिचारिका किंवा तिच्याबरोबरची विद्यार्थिनी. बनावट प्रतिजैविकही तापाच्या तक्त्यावरच उघडे पडते. तिसरा दिवस उलटला आणि ताप तसाच आहे, हे सर्वांत आधी तिला दिसते. तक्ता भरणे हे कारकुनी काम आहे असे शिकवले, तर ती आकडे लिहून पुढच्या खाटेकडे जाईल. आकड्याचा अर्थ शिकवला, तर ती ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावील. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे, त्यात परिचारिकाही थेट तक्रार नोंदवू शकतात. १८००-१८०-३०२४ हा त्याचा विनाशुल्क क्रमांक आहे. तो प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीवर रंगवलेला असायला हवा.

यावर पहिला आक्षेप येतो तो जुना आणि वजनदार आहे. औषध ठरवणे डॉक्टरांचे काम, परिचारिकेने सांगितले तेवढे करावे, सगळेच डोके चालवू लागले तर वॉर्ड चालणार कसा? मला या आक्षेपातला शिस्तीचा आग्रह समजतो. उपचार कुणी एकाने ठरवावे लागतात हेही मान्य आहे. पण चूक झाल्यावर आपली व्यवस्था परिचारिकेशी कशी वागते ते पाहा. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे ११ रुग्ण गेले, आणि काही दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी या गावी पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना लशीच्या थेंबांऐवजी हाताला लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने बचावली, आणि तिघा आरोग्य कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. बाटलीवरचे नाव न वाचणे ही गंभीर चूकच होती, तिचे समर्थन कुणी करू नये. मात्र शिक्षा देताना ‘तू विचार का केला नाहीस’ असे विचारणारी व्यवस्था शिकवताना ‘तू विचार करू नकोस’ असे सांगू शकत नाही. जबाबदारी विचार करणाऱ्या माणसाची असेल, तर शिक्षण आणि अधिकारही विचार करणाऱ्या माणसाचेच हवेत. शंका आली तर मात्रा रोखून डॉक्टरांना विचारण्याचा अधिकार लेखी नियमात असावा, आणि तो वापरल्याबद्दल विद्यार्थिनीला कुणी सुनावू नये.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि परिचारिकांच्या संघटना तो वर्षानुवर्षे मांडत आल्या आहेत. आधी पदे भरा, मग ज्ञानाच्या गोष्टी सांगा. सर्वसाधारण रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि शिक्षण रुग्णालयात तिनामागे एक, असा परिचर्या परिषदेचा निकष आहे. आपल्या कुठल्या सरकारी वॉर्डात तो पाळला जातो, हे वाचकांनीच आठवून पाहावे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा ३० दिवसांतला मृत्यूचा धोका सात टक्क्यांनी वाढतो. सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांनी औषध दिल्याच्या ४,२७१ वेळा संशोधकांनी शेजारी उभे राहून नोंदल्या. मध्येच कुणी व्यत्यय आणला की प्रत्येक व्यत्ययागणिक औषधातल्या चुका सुमारे १२ टक्क्यांनी वाढत गेल्या. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत १२ नवजात बालकांसह २४ रुग्ण दगावले, तेव्हा रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांवर विधिमंडळापासून न्यायालयापर्यंत चर्चा झाली. त्यामुळे पदे भरण्याची मागणी पूर्ण रास्त आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. माझे म्हणणे एवढेच, की पदे भरायला वित्त विभागाची मंजुरी लागते, वर्षे जातात. मात्रेच्या गणिताची परीक्षा पुढच्या सत्रापासून घेता येते. आणि जिथे माणसे कमी आहेत तिथे उरलेल्या माणसाचे ज्ञान जास्त पक्के असावे लागते. तुटवड्याचे कारण देऊन अर्धवट शिकलेला विद्यार्थी वॉर्डात मनुष्यबळ म्हणून उभा करणे, हा तर रुग्ण आणि विद्यार्थी दोघांवरही अन्याय आहे. ही प्रथा आपल्याकडे सर्रास चालते. काही ठिकाणी तर परिचर्येचे शिक्षणच नसलेल्या मुलींना सलाईन लावायला शिकवून सिस्टरचा पोशाख चढवला जातो, आणि गाव ते पाहून गप्प बसते.

यंत्रे येतील आणि हा प्रश्न सुटेल, असे म्हणणारेही आहेत. यंत्रांनी चुका कमी होतात हे सिद्ध झाले आहे. बोस्टनमधल्या रुग्णालयातला २०१० चा अभ्यास सांगतो की बारकोड आल्यावर औषध देण्यातल्या, वेळेच्या सोडून इतर, चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. सुधारणा मोठी आहे, पण उरलेले ६.८ टक्के यंत्राने पकडले नाहीत. अमेरिकेतच नॅशव्हिलच्या एका नामांकित रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये घडले ते प्रत्येक परिचर्या महाविद्यालयात शिकवावे असे आहे. तपासणीआधी रुग्णाची घालमेल कमी व्हावी म्हणून मिडाझोलाम द्यायचे होते. परिचारिकेने संगणकीय कपाटात त्याच्या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केली, कपाटाची सूचना बाजूला सारली आणि हाती आलेले व्हेक्युरोनियम दिले. ते स्नायू पूर्ण लुळे पाडणारे औषध आहे. रुग्ण वृद्ध होती, श्वास थांबून ती गेली, आणि २०२२ मध्ये त्या परिचारिकेला न्यायालयाने दोषी धरले. या प्रकरणात यंत्र होते, सूचना होती, टोपणावर इशाराही छापलेला होता. जे नव्हते ते एकच. मिडाझोलाम हे तयार द्रवरूपात येते, आणि तिच्या हातात होती ती पाणी घालून विरघळवायची भुकटी. मिडाझोलाम कसे दिसते हे हाताला आणि डोळ्याला पक्के माहीत असते, तर भुकटी दिसताक्षणीच हात थांबला असता. आणि दिल्यानंतर कुणी रुग्णाजवळ बसून श्वास पाहिला असता, तर थांबलेला श्वास लगेच लक्षात आला असता. परळीत असे कपाट यायला अजून बराच अवकाश आहे. आले तरी ते ज्ञानाची जागा घेणार नाही, हे नॅशव्हिलने दाखवून दिले आहे.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी भर नको, असे शिक्षक म्हणतील. पण यात नवा विषय वाढवायचा नाही. परिषदेने २०२१ मध्ये पदवीचा अभ्यासक्रम सत्रपद्धतीने नव्याने आखला, वैद्यकीय-शल्य परिचर्येला ‘प्रौढ आरोग्य परिचर्या’ असे रूप दिले, तिच्यात विकृतिशास्त्राची सांगड घातली, आणि औषधशास्त्र तिसऱ्या व चौथ्या सत्रात विभागले. कागदावर ही सुधारणा चांगली आहे. बदलायचे आहे ते शिकवण्याचे आणि तपासण्याचे ठिकाण. वर्गात दुष्परिणामांच्या पंधरा-पंधरा ओळी इंग्रजीतून पाठ करून घेण्याऐवजी वॉर्डातल्या रिकाम्या कुप्या आणि अँप्युल समोर ठेवून, ‘हे कशात येते, किती ताकदीचे, किती वेळात द्यायचे, दिल्यावर काय पाहायचे, काय दिसले तर थांबवायचे’ असे विचारावे. भाषेचाही मुद्दा आहेच. बीड, परभणी, लातूरच्या खेड्यांतून येणाऱ्या या मुला-मुलींनी बारावीपर्यंत बऱ्याचदा मराठीतून शिक्षण घेतलेले असते आणि नर्सिंग मात्र इंग्रजीतून. औषधांची नावे इंग्रजीच राहोत, तेच सुरक्षित आहे. पण औषध काम कसे करते हे त्यांना मराठीत सांगता आले पाहिजे, कारण शेवटी रुग्णाला ते मराठीतच सांगायचे आहे. अनशापोटी घ्यायची गोळी कुठली आणि जेवणावर घ्यायची कुठली. ‘गरम पडते’ म्हणून रुग्णाने मध्येच सोडलेली बीपीची गोळी सोडल्याने काय होते. दिवाळीनंतर सहा महिने ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाणाऱ्या जोडप्याला साखरेच्या गोळ्या किती महिन्यांच्या द्याव्या लागतील आणि कोपीवर इन्सुलिन कुठे ठेवायचे. या प्रश्नांची उत्तरे परदेशी पाठ्यपुस्तकात नाहीत. ती परळीच्या वॉर्डात आहेत, आणि ती विचारणारे विद्यार्थी तिथेच घडू शकतात.

उरतो भीतीचा आक्षेप. चुकांची नोंद ठेवायची म्हटले तर नातेवाईक दवाखाना फोडतील आणि वरिष्ठ नोटीस देतील, म्हणून चूक झाकलेलीच बरी, असे वॉर्डातले व्यावहारिक शहाणपण सांगते. ही भीती खोटी नाही. रुग्णालयांवरचे हल्ले रोखायला राज्याने २०१० मध्ये वेगळा कायदा केला, यावरूनच ती किती खरी आहे ते दिसते. मात्र झाकलेली चूक पुढच्या पाळीत पुन्हा होते, कारण तिच्याबद्दल कुणी बोललेलेच नसते. सारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल एकाच ट्रेमध्ये ठेवल्या म्हणून थोडक्यात अपघात टळला, ही गोष्ट हँडओव्हरच्या वेळी मोकळेपणी सांगता आली, तर दुसऱ्याच दिवशी ते ट्रे वेगळे होतात. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाच्या कुप्या अनेक देशांनी साध्या वॉर्डांतून हटवल्या त्या अशाच सांगितल्या गेलेल्या चुकांमधून. जाणूनबुजून केलेली हलगर्जी आणि थकलेल्या माणसाची चूक यांत फरक करणारी यंत्रणा प्रत्येक रुग्णालयाने आतल्या आत उभी केली, तर तिथला विद्यार्थी पहिल्या वर्षापासून खरे बोलायला शिकेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्मी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले होते. ती मुदत उलटून गेली आहे.

म्हणून परिचर्या परिषदेकडे आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे मागणी एकच आहे. औषधमात्रेच्या गणिताची परीक्षा वेगळी करा, ती दर वर्षी घ्या, उत्तीर्ण होण्यासाठी १०० टक्के गुण लागू करा, आणि ती उत्तीर्ण न झालेल्या विद्यार्थ्याला देखरेखीशिवाय औषध देऊ देऊ नका. चुकलेल्याला नापास ठरवून घरी पाठवू नका, पुन्हा शिकवा आणि पुन्हा बसवा. परळी-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांना तर यासाठी कुणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. अंतर्गत मूल्यमापनात ही अट आजच घालता येते. आणि तुमचे कुणी आत्ता रुग्णालयात दाखल असेल, तर सलाईनमध्ये काय सोडले ते सिस्टरला जरूर विचारा. फक्त ती सिरिंजमध्ये औषध भरत असेल तेवढा वेळ तिला हाक मारू नका.